छाट

डॉ. अनसूया म्याकल यांचं इंग्रजी पुस्तक
ग्रंथालयात आहे, खालून दुसऱ्या फळीवर.
एकशे बारा पानं, सव्वीस तक्ते.
सोळाव्या तक्त्याखाली मुंगीएवढ्या टाइपात एक ओळ,
मी तिचं मराठी केलं:
'प्रतिसादक क्रमांक सदतीस हिने माहिती देण्यास नकार दिला.'
प्रतिसादक.
साखर पेठेत या नावानं हाक मारून बघा,
एक दार उघडणार नाही.

वह्या सापडल्या त्यांच्या पुतण्याकडे,
अशोक चौकामागच्या कारखान्यात.
सात ट्रंकेत होत्या.
आठवी एका मागाच्या पायाखाली, टेकू म्हणून.
'काढा, पण बदल्यात वीट द्या,' तो म्हणाला,
'न्हाईतर टॉवेलची किनार वाकडी येती.'
पंचवीस वर्षांचे ठोके खाऊन
वही भाकरीसारखी चपटी झाली होती.

अक्षर देवनागरी. भाषा तेलुगू.
बाई मराठी शाळेत शिकलेल्या,
घरचं बोलणं त्यांनी शाळेच्या लिपीत उतरवलेलं.
मला अक्षर न् अक्षर लागायचं,
अर्थ एकाचाही नाही.

तरी कोश घेऊन बसलो, हट्टानं.
'पनि लेदु' पानापानावर होतं.
वाटलं, ह्याला कोश कशाला, पाणी नाही!
चार दिवसांआड नळ येणाऱ्या गावात
कुणाला शंका येणार?
टंचाईवर दीड पानाची टीप लिहिली,
तिचा मला अभिमानही होता.

मग दत्त नगरात पोशव्वाकडे गेलो.
अठ्ठ्याहत्तर वर्षांची. सूप सुटलंय,
पण बोटं मांडीवर रिकामं पान वळत राहतात,
तोंड मुडपतात, दोरा गुंडाळतात.
मी वाचायचो, मला कळायचं नाही.
तिला कळायचं, वाचता यायचं नाही.
उंबऱ्याच्या अलीकडे पलीकडे
आम्ही दोघं मिळून एक माणूस.

टीप ऐकून ती ठसका लागेपर्यंत हसली.
'पाणी न्हवं रं. पनि म्हंजे काम.
काम न्हाई म्हणतीय ती.'
मग हसायची थांबली.
'तवा पाणी होतं की.'

आठव्या वहीत सदतीस नंबर भेटली.
नकार नव्हता तो.
ती म्हणालेली: तुझे कागद मी भरते,
माझ्या हजार विड्या कोण भरणार?
बाईंनी वही मिटली, मांडी घातली,
दिवे लागेपर्यंत शंभर विड्या वळल्या.
दुसऱ्या दिवशी कारखान्यात
चेकरनं त्यातल्या एक्क्याण्णव मोडून फेकल्या.
पुढे बाईंच्या अक्षरात:
'नऊ पास. नुकसानीचे पैसे देऊ केले, तिने घेतले नाहीत.
हे कुठल्या तक्त्यात घालू?'
खाली तंबाखूचा डाग, की शाईचा.
पोशव्वानं वास घेऊन सांगितलं: शाई.

मी विचारलं, 'सदतीस नंबर कोण असंल?'
'गल्लीत समद्याच अशा बोलायच्या,' ती म्हणाली,
आणि पान उलटायची खूण केली.

प्रकाशकांचं पत्र आलंय.
आठवी वही गाळावी. आत्मपर आहे, शास्त्रीय नाही.
पोशव्वाला वाचून दाखवलं.
'छाट काढली म्हण की.'
एवढाच एक शब्द सगळ्या वह्यांत
मला भाषांतरावा लागला नाही.
तेलुगूत छाट, मराठीत छाट,
चेकरच्या तोंडी, बाईंच्या शाईत,
तोच.

'माझं नाव कुठं टाकणार?' तिनं विचारलं.
मी म्हणालो, शेवटी, आभारात.
ती काही बोलली नाही.
मांडीवरची न दिसणारी विडी उचलून
उजेडाकडे धरून पाहिली,
आणि मोडली.

रात्री पहिलं पान पुन्हा लिहायला घेतलं.
'अनुवाद' या शब्दापुढे
तिचं आडनाव ठाऊक नाही, हे लक्षात आलं.
उद्या विचारायला हवं.
जाताना वीटही बघून यायची आहे,
पुतण्या म्हणतो, माग अजून लंगडतोय.